प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो की पीसी: कुणाच्या खुंटीला बांधून घ्यायचं?

बटणदाब्या (धागाकर्ता)

"गेम खेळायला नवं मशीन घ्यायचंय, काय घेऊ?" असा प्रश्न आला रे आला की चार जण टेराफ्लॉप्स (चिप किती झपाट्याने गणितं करते त्याचा आकडा) घेऊन धावून येतात. दोन पानं भांडण होतं आणि विचारणारा बिचारा गुपचूप पळून जातो. म्हणून माझी बाजू आधीच मांडतो, ज्यांना तुटून पडायचंय त्यांनी खुशाल पडा. मशीनची ताकद हा आता शेवटून दुसरा निकष आहे. (शेवटचा रंग.)

मागे वळून बघा. २००० साली आलेलं प्लेस्टेशन २ त्या पिढीतलं सगळ्यात ताकदवान कन्सोल नव्हतंच. पुढच्याच वर्षी पहिला एक्सबॉक्स आला, त्यात ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि आत चक्क हार्ड डिस्क. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी. खपलं कोण? प्लेस्टेशन २, साडेपंधरा कोटींच्या वर. २००६ चं निन्टेन्डो वी तर एचडी चित्रसुद्धा द्यायचं नाही, तरी दहा कोटींपुढे गेलं. स्विच २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यातली टेग्रा एक्स१ चिप दोन वर्षं जुनी होती. त्यानेही पंधरा कोटी ओलांडले.

आताची पिढी घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोघे आले. कागदावर एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्स, प्लेस्टेशन ५ म्हणे १०.२८. पण एक्सबॉक्सची ५२ कंप्यूट युनिट्स (ग्राफिक्स चिपमधले काम करणारे भाग) १.८२५ गिगाहर्ट्झवर चालतात, सोनीची ३६च आहेत पण २.२३ पर्यंत पळतात. शिवाय एक्सबॉक्सच्या १६ जीबी मेमरीचे दोन भाग, १० जीबी वेगवान आणि ६ जीबी त्यामानाने संथ. शेवटी होतं काय, तर फरक शोधायला चित्र थांबवून झूम करावं लागतं. दोन्हीकडे प्रोसेसर एएमडीचाच, झेन २, आठ कोअर.

मग फरक उरला कुठे? तुमचं खातं कुठे आहे, त्यात किती गेम साठलेत, मित्र कुठे खेळतात आणि ऑनलाइन खेळायला दरवर्षी कुणाला भाडं भरायचं. मशीन विकून या कंपन्यांना फारसं सुटत नाही, खरी कमाई त्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यात. तो वाटा साधारण ३० टक्के. एकदा चाळीस-पन्नास गेम एका खात्यात जमले की तुम्ही त्या खुंटीला बांधले गेलात, पुढचं मशीनही निमूट तिथलंच घेता.

तुम्ही कशी निवड केलीत? आज करायची झाली तर काय घ्याल?

रात्रपाळी

आपण पहिला. वाचतोय.

खटपट्या

अर्ध्याशी सहमत, अर्ध्याशी अजिबात नाही. सोयीची उदाहरणं निवडलीत साहेब. २०१३ विसरलात?

एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४ एकाच महिन्यात आले. सोनीने ८ जीबी जीडीडीआर५ मेमरी घातली, वेग सेकंदाला १७६ जीबी. मायक्रोसॉफ्टने स्वस्तातली डीडीआर३ घातली, ती ६८ वरच दमली. ती तूट भरायला चिपच्या आतच ३२ एमबीची छोटी पण वेगवान मेमरी बसवली. त्या मेमरीने चिपवरची जागा खाल्ली, म्हणून ग्राफिक्सचा भाग लहान करावा लागला. एका ठिकाणी पैसे वाचवले आणि ते दुसरीकडून गेले. १.८४ विरुद्ध १.३१ टेराफ्लॉप्स. त्या वर्षीचा कॉल ऑफ ड्यूटी एकीकडे १०८०पी, दुसरीकडे ७२०पी. यासाठी झूम करावं लागत नव्हतं, सोफ्यावरून दिसायचं. वर किनेक्ट हा हालचाल टिपणारा कॅमेरा गळ्यात मारल्यामुळे एक्सबॉक्स ४९९ डॉलर आणि सोनी ३९९. कमी ताकदीचं मशीन शंभर डॉलर जास्त देऊन कोण घेणार?

दुसरं उदाहरण सिरीज एसचं, म्हणजे सिरीज एक्सच्या स्वस्त धाकट्या भावाचं. १० जीबी मेमरी. बाल्डर्स गेट ३ पीसीवर ऑगस्ट २०२३ मध्ये आला, प्लेस्टेशनवर सप्टेंबरात आणि एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरात. का? दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोय सिरीज एसच्या मेमरीत बसेना, आणि मायक्रोसॉफ्टचा नियम असा की दोन्ही एक्सबॉक्सवर सोयी सारख्याच हव्यात. शेवटी नियमाला मुरड घालावी लागली आणि सिरीज एसवर ती सोय २०२५ मध्ये आली. आता म्हणा ताकद शेवटून दुसरी!

बटणदाब्या

@खटपट्या, मुद्दा चोख आहे. पण २०१३ चं माझ्या पारड्यात जातं बघा. एक्सबॉक्स वनचा पाय ७२०पी कळायच्या आधीच, जूनमध्ये घसरला होता. चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावा, जुने गेम विकण्या-देण्यावर बंधनं, असं सगळं त्यांनी जाहीर केलं. सोनीने उत्तरादाखल काही सेकंदांचा व्हिडिओ टाकला, एकाने डिस्क उचलून दुसऱ्याच्या हातात दिली, संपला व्हिडिओ. मायक्रोसॉफ्टने थोड्याच दिवसांत सगळं मागे घेतलं, पण बूंद से गयी.

आणि त्याहून महत्त्वाचं, त्याच पिढीत लोक डिस्क सोडून डिजिटल घ्यायला लागले. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२३ मध्ये स्वतःच म्हणाले होते की हरायला सगळ्यात वाईट पिढी नेमकी तीच निघाली, कारण लोकांनी आपापला डिजिटल संग्रह तेव्हाच उभा केला. खुंटी ती हीच.

जुनं_ते_सोनं

या लढाईत गाजलेले वार बहुतेक किमतीचे आणि साठवणुकीचे आहेत, चिपचे कमीच. मे १९९५, ई३ हे गेमवाल्यांचं पहिलंच प्रदर्शन. सेगाने मंचावरून जाहीर केलं की त्यांचं सॅटर्न कन्सोल आजपासूनच काही निवडक दुकानांत मिळेल, किंमत ३९९ डॉलर. गेम बनवणाऱ्यांना पत्ता नाही, वगळलेले दुकानदार खवळले. थोड्या वेळाने सोनीचा माणूस मंचावर आला, "२९९" एवढंच बोलला आणि खाली उतरला. एवढ्या छोट्या भाषणाने एवढं नुकसान क्वचितच कुणाचं झालं असेल.

निन्टेन्डोने पुढच्या वर्षी निन्टेन्डो ६४ आणलं. यंत्र दणकट, पण कार्ट्रिजचा हट्ट सोडला नाही. कार्ट्रिजमध्ये जास्तीत जास्त ६४ एमबी, सीडीवर त्याच्या दहापट, शिवाय सीडी छापायला कितीतरी स्वस्त. फायनल फँटसी ७ हा गेम उठून प्लेस्टेशनकडे गेला आणि १९९७ मध्ये तीन सीडींवर आला.

अवांतर: मुळात प्लेस्टेशन जन्मालाच आलं निन्टेन्डोमुळे. दोघे मिळून सुपर निन्टेन्डोसाठी सीडी ड्राइव्ह बनवत होते आणि १९९१ च्या प्रदर्शनात निन्टेन्डोने सोनीला बाजूला सारून फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीचे केन कुटारागी तो अपमान विसरले नाहीत.

खटपट्या

@जुनं_ते_सोनं, दंडवत. आणि मग प्लेस्टेशन ३ च्या वेळी सोनीने स्वतःच सेगाची चूक केली, ५९९ डॉलर! वर तो सेल प्रोसेसर. एक मुख्य कोअर आणि गेमला वापरता येणारे सहा छोटे मदतनीस, प्रत्येकाकडे स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी. प्रोग्रामरने काम तुकड्या-तुकड्यांनी कापून हाताने भरवायचं. जमलं त्यांनी कमाल करून दाखवली, पण एकच गेम तीन ठिकाणी विकणाऱ्या कंपनीला एवढा वेळ कुठला?

नवशिक्या_७

मोठ्या लोकांच्या गप्पांत घुसतोय, माफ करा. मला एकच काहीतरी घेता येईल. अभ्यासाला लॅपटॉप लागतोच, म्हणून गेमिंग लॅपटॉपच घ्यावा असं डोक्यात आहे. चालेल ना? ४०६० ग्राफिक्स चिपवाला बघून ठेवलाय.

अतिशहाणा

चालेल काय, पळेल! पीसी तो पीसी. ऑनलाइनला भाडं नाही, गेम सतत सवलतीत, मॉड्स (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) टाका, माऊस लावा, कंट्रोलर लावा, वीस वर्षांपूर्वीचे गेम खेळा. कन्सोल म्हणजे पाय बांधून धावणं. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान २००३ पासून आहे आणि तेव्हा घेतलेले गेम आजही माझ्या यादीत आहेत.

खटपट्या

@नवशिक्या_७, थांबा. "४०६०" हे नाव बघून लॅपटॉप घेऊ नका. लॅपटॉपमधल्या त्याच चिपला किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडियाने दिलेली मर्यादा ३५ ते ११५ वॅट आहे. म्हणजे बारीक, देखण्या लॅपटॉपमधली ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधली ४०६० या एकाच आडनावाच्या दोन वेगळ्या व्यक्ती. डब्यावर हा आकडा बहुधा नसतोच. कंपनीच्या साइटवर तपशिलात "टीजीपी" किंवा "जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर" शोधा. नाही सापडला तर तो लॅपटॉप यादीतून काढा, लपवण्यासारखं असल्याशिवाय लपवत नाहीत.

वरच्या पायरीवरही तोच खेळ. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये डेस्कटॉप ४०८० ची चिप असते आणि मेमरी २४ ऐवजी १६ जीबी. ४०७० लॅपटॉप घेतलात तरी ग्राफिक्स मेमरी ८ जीबीच, ४०६० एवढीच. प्लेस्टेशन ५ डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) सगळ्यात वरच्या पातळीवर नेलंत तर ही ८ जीबी आधी भरते, चिपमध्ये दम असूनही.

अजून एक. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, आणि फ्रेमरेटमधले झटके कमी होतात. अर्थात रॅम बोर्डावरच चिकटवलेली नाही ना, हे घ्यायच्या आधी बघा.

बटणदाब्या

@अतिशहाणा, पीसीचं सगळं खरं, पण ते शेडरचं अडखळणं तुम्ही कधी सांगत नाही राव. नवीन भागात पाऊल टाकलं, पहिला स्फोट झाला की गेम क्षणभर गचकतो, आणि पुढच्या स्फोटाला काही नाही. कारण साधं आहे. शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपला दिलेला छोटा प्रोग्राम. तो प्रत्येक चिपसाठी, ड्रायव्हर बदलला की पुन्हा, वेगळा तयार करावा लागतो. कन्सोलवर चिप ठरलेली, त्यामुळे तो आधीच तयार होऊन येतो. पीसीवर तुमच्या घरी काय निघेल हे गेमवाल्याला माहीत नसतं, मग एकतर सुरुवातीला दहा मिनिटं "शेडर तयार होत आहेत" बघत बसा, नाहीतर खेळताना झटके खा.

अतिशहाणा

सुरुवातीची दहा मिनिटं चहा प्या. एवढ्यासाठी कुणी दर महिन्याचं ऑनलाइन भाडं भरतं का?

रात्रपाळी

मी दोघांचंही ऐकलं नाही, स्टीम डेक घेतलं, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा पीसी. घरी टीव्हीवर हक्क सांगणारे बरेच, माझा वेळ रात्री अकरानंतरचा. पलंगावर पडून खेळतो.

ताकदीच्या वादात याला उतरवू नका. झेन २ चे चारच कोअर, ग्राफिक्सची आठ कंप्यूट युनिट्स. पण पडदा १२८० बाय ८०० चा आहे, ढकलायला पिक्सेलच कमी. ४के पेक्षा आठपट कमी. म्हणून चालतं.

याच्यावर मला सेकंदाला ४० फ्रेम्सची (चित्रांची) किंमत कळली. ३० आणि ६० च्या मधली संख्या ४५ वाटते ना? पण डोळ्याला आणि बोटाला लागते ती प्रत्येक फ्रेमची वेळ. ३० ला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७. बरोबर मध्यावर येतात २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम्स. पडदा ४० हर्ट्झवर लावायचा, गेम ४० वर बांधायचा. बॅटरी ६० पेक्षा निवांत टिकते आणि ३० चा चिखलात चालल्यासारखा जडपणा जातो. टीव्हीवाल्या कन्सोललाही हे जमतं, पण पडदा १२० हर्ट्झचा हवा. १२० ला ४० ने भाग जातो, ६० ला जात नाही.

खोट एकच, पण मोठी. आत लिनक्स आहे. विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या थरातून चालतात आणि आश्चर्य वाटावं इतके चांगले चालतात. पण फसवणूक रोखणारी काही सॉफ्टवेअरं लिनक्सला उभंच करत नाहीत. फोर्टनाइट नाही, व्हॅलोरंट नाही, एपेक्स लेजेंड्स चालायचा तोही २०२४ मध्ये बंद केला. हे खेळणाऱ्यांनी डेककडे फिरकू नये.

सावली

एवढ्या चर्चेत कंट्रोलरचं नावच नाही! रोज हातात तीच वस्तू असते. माझ्या कंट्रोलरची डावी दांडी आपोआप वर सरकायला लागली, म्हणजे मी सोफ्यावर हात जोडून बसले आहे आणि गेममधली माझी बाई कड्याकडे चालत निघाली आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे दुखणं बहुतेक सगळ्यांकडेच आहे. हे नेमकं होतं कशाने?

खटपट्या

@सावली, दांडीखाली पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनचा पातळ पट्टा आणि त्यावरून घासत जाणारी धातूची पाती. पाती कुठे आहे त्यानुसार विद्युतदाब बदलतो, त्यावरून दिशा कळते. लाखो वेळा घासून तो पट्टा झिजतो, विशेषतः मधोमध, कारण दांडी तिथेच परत येते. मग स्थिर दांडीही "थोडी वर आहे" असं सांगते.

तात्पुरता उपाय म्हणजे सेटिंगमध्ये डेडझोन वाढवणे, मधल्या भागातली हालचाल दुर्लक्षिली जाते. कायमचा उपाय चुंबकाचा. हॉल इफेक्ट किंवा नवी टीएमआर सेन्सरवाली दांडी, तिच्यात काही घासतच नाही. गंमत म्हणजे सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच हॉल इफेक्ट होता. पुढच्या कंपन्यांनी स्वस्तातला रस्ता धरला.

जुनं_ते_सोनं

सेगाचं कुणीतरी चांगलं बोललं. डोळे पाणावले.

चौथी_भिंत

खुंटीबद्दल बोलताय तर मालकीबद्दलही बोला. आपण गेम विकत घेतो म्हणजे नेमकं काय घेतो? द क्रू हा गाड्यांचा गेम एकट्याने खेळला तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले. लोकांच्या कपाटातल्या डिस्क त्या दिवसापासून नुसत्या चकत्या. त्यातूनच गेम मारून टाकू नका ही मोहीम उभी राहिली.

डिस्कही आता पूर्वीची राहिलेली नाही. प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये ड्राइव्ह नाही, वेगळा घेऊन जोडावा लागतो, आणि जोडताना एकदा इंटरनेट लागतं. स्विच २ च्या बऱ्याच गेमच्या कार्डमध्ये गेम नसतोच, नुसती किल्ली असते, गेम डाउनलोड करायचा. तरी ती किल्ली दुसऱ्याला विकता येते, हे निदान पूर्ण डिजिटलपेक्षा बरं.

म्हणून माझा निकष असा: ज्या मशीनवर डिस्क चालते आणि वापरलेले गेम मिळतात ते. प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्हवालं घेतलं तर प्लेस्टेशन ४ च्या डिस्कही चालतात. एक गेम संपवायचा, विकायचा, दुसरा आणायचा.

अतिशहाणा

आणि खास गेमचं काय? "आमच्याकडेच मिळतो" ही सोनीची शेखी संपलीच ना. होरायझन झिरो डॉन २०२० मध्ये पीसीवर आला, हेलडायव्हर्स २ तर २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी. थोडं थांबलं की बरंच येतं.

बटणदाब्या

निन्टेन्डोचं मात्र येत नाही. मारिओ, झेल्डा खेळायचे तर त्यांच्याच दारात जावं लागतं, दुसरी वाट नाही. म्हणूनच त्यांना ताकदीच्या शर्यतीत उतरावं लागत नाही.

एक्सबॉक्सने मात्र स्वतःची भिंत स्वतःच पाडली. ६८.७ अब्ज डॉलर मोजून कॉल ऑफ ड्यूटीवाली अॅक्टिव्हिजन कंपनी घेतली, ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पुरा झाला, आणि पुढच्या वर्षीपासून आपले गेम प्लेस्टेशनवर द्यायला लागले. फोर्झा होरायझन ५ तिथे, इंडियाना जोन्स तिथे. आधी ज्यासाठी एक्सबॉक्स घ्यायचं ते कारणच गेलं. धंदा म्हणून शहाणपणा असेल, पण एक्सबॉक्सवर संग्रह उभा केलेल्या माणसाने आता पुढचं मशीन का घ्यावं हे मला कुणी पटवून द्या.

सावली

गेम पासमुळे (वर्गणी भरून बरेच गेम खेळायची सोय)? मी त्यावर असे गेम खेळले जे विकत कधीच घेतले नसते.

बटणदाब्या

@सावली, मान्य, पण तो पीसीवरही मिळतो.

चौथी_भिंत

आणि थांबलो तर स्वस्त होईल ही आशाही सोडा. प्लेस्टेशन २ २९९ डॉलरला आलं आणि दोन वर्षांत १९९ वर उतरलं. आता उलटी गंगा. सिरीज एक्स अमेरिकेत ४९९ ला आला होता, मे २०२५ मध्ये, साडेचार वर्षांचा झाल्यावर, ५९९ झाला. पूर्वी चिप लहान होत गेली की बनवायला स्वस्त पडायची, ते गणित आता बसत नाही.

नवशिक्या_७

सगळं वाचलं. लॅपटॉपचा टीजीपी शोधला, ४५ वॅट निघाला! यादीतून काढला. अभ्यासाला घरातला जुना लॅपटॉप दोन वर्षं ओढेल. माझे तिन्ही मित्र प्लेस्टेशनवर आहेत. पण आता क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरच्यांनी एकत्र खेळणं) असतो ना, मग कुठलंही घेतलं तरी चालेल का?

बटणदाब्या

फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटी असल्यांत असतो. सोनीने बराच काळ अडवून धरलं होतं, सप्टेंबर २०१८ मध्ये फोर्टनाइटपासून दार उघडलं. पण प्रत्येक गेमचं वेगळं आहे. तुम्ही चौघे जे दोन-तीन गेम रोज खेळणार त्यांची नावं घेऊन तपासा. आणि मित्रांच्या डिस्क आलटून पालटून वापरायच्या असतील तर क्रॉसप्लेचा काही उपयोग नाही, मशीन तेच लागेल.

नवशिक्या_७

डिस्क तर नक्की फिरणार. मग ड्राइव्हवालं प्लेस्टेशन ५ ठरलं. टीव्ही १२० हर्ट्झचा आहे, रात्रपाळी म्हणतात तो ४० फ्रेम्सचा प्रकार मिळेल ना? वेगळं काही घ्यावं लागेल?

खटपट्या

ज्या गेममध्ये तशी सोय दिलीय त्यात मिळेल. वेगळं काही घेऊ नका, पण टीव्हीची मागची बाजू बघा. चार एचडीएमआय पोर्ट असले तरी १२० हर्ट्झ पेलणारे बऱ्याचदा दोनच असतात. शेजारी बारीक अक्षरात "४के १२०" असं काहीतरी छापलेलं असतं, तिथेच लावा. केबल मशीनच्या खोक्यात येते तीच वापरा. आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर तो चित्र सुंदर करायच्या नादात प्रत्येक बटण उशिरा पोचवेल. काही टीव्हींत तो त्या-त्या पोर्टपुरताच चालू होतो, म्हणजे पोर्ट बदललात तर पुन्हा करावा लागेल.